ज्यांनी रांजण भरले, त्यांना ठाऊक होते



काना गावच्या लग्नाचा धडा आम्ही रविवारच्या धर्मवर्गात दरवर्षी शिकवतो. यंदा तो शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. वय असेल बारा. तिने विचारले, "सर, येशूनं दारू का बनवली?"

वर्गात हशा पिकला, पण ती हसत नव्हती. तिच्या घरची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे. तिचे वडील कामाचे पैसे घेऊन निघतात आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे भट्टीवर सोडून येतात. आम्ही नेहमीचे उत्तर दिले, "बाळ, ती दारू नव्हती, द्राक्षारस होता." तिने लगेच विचारले, "म्हणजे सरबत?" आम्हाला पुढे बोलता आले नाही. घंटा झाली, मुले उठली, आणि आमची सुटका झाली असे म्हणायला हवे.

त्याच आठवड्यात धर्मग्रामातले दोन तरुण आमच्याकडे आले. दोघे शाळेपासूनचे मित्र. एक काही वर्षे नाशिककडे वाइनच्या कारखान्यात काम करून परतलेला, दुसरा इथेच मध आणि वनोपजांच्या व्यापारात. बालाघाटच्या जंगलातला मध आणि जांभूळ घेऊन हाताने, थोड्या प्रमाणात वाइन बनवणारा छोटा उद्योग सुरू करायचे त्यांच्या मनात होते. रीतसर परवाना काढूनच करणार होते. त्यांनी विचारले, "सर, फादरांशी बोलाल का? आणि आमच्यासाठी प्रार्थना कराल ना?"

एकाच आठवड्यात एकाच वस्तूविषयी दोन प्रश्न आले. एक जण तिच्या भीतीने रडवेला झालेला, दुसरे दोघे तिच्या आशेवर संसार उभारू पाहणारे. आम्ही दोघांनाही थांबा म्हटले आणि वाचायला बसलो. जे सापडले ते इथे मांडतो आहोत.

एक शब्द आणि त्याच्या दोन वाटा

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात वाइनसाठी 'द्राक्षारस' हा शब्द आहे. शब्द सुंदर आहे, पण त्याच्या पोटात दोन अर्थ मावतात. द्राक्षांचा ताजा रसही द्राक्षारस आणि मुरलेली वाइनही द्राक्षारस. त्यामुळे मराठी वाचकाला आपल्या सोयीचा अर्थ घेता येतो. आम्हीही वर्गात तेच केले.

शास्त्र मात्र अशी पळवाट ठेवत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात द्राक्षमळा लावणारा पहिला माणूस नोहा आहे, आणि तो त्याच मळ्याच्या रसाने झिंगून तंबूत उघडा पडतो. देवाने ज्याला पुरातून वाचवले त्याचीच ही गत. उलट स्तोत्रकर्ता द्राक्षारसाला माणसाच्या मनाला आनंद देणारे देवाचे दान मानतो. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि तोच पौल रोमकरांना लिहितो की आपल्या पिण्याने भाऊ अडखळत असेल तर न पिणेच बरे. देणगी आणि धोका, दोन्ही एकाच भांड्यात आहेत.

ख्रिस्तमंडळीने या दोन्ही गोष्टी जपल्या. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यातले ९२४ वे कलम सांगते की मिस्सासाठीची वाइन नैसर्गिक, द्राक्षांपासूनच झालेली आणि न बिघडलेली असावी. जिथे ताजी द्राक्षे मिळत नसत तिथे मनुकांपासून केलेली वाइनही चालत आली. दुसरीकडे अमेरिकेत १८६९ साली थॉमस वेल्च या मेथॉडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस तापवून, तो आंबणार नाही अशा रीतीने बाटलीत भरला. प्रभुभोजनाच्या मेजावर मद्य नको, ही त्याची तळमळ होती. पुढे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तोच मार्ग धरला. म्हणून आज एकाच गावात एका चर्चमध्ये वाइन असते, तर दुसऱ्यात रस. त्यावरून भांडायचे कारण नाही. दोन्हीकडे प्रभूचीच आठवण केली जाते.

आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटली. ज्या धर्मगुरूला मद्याचा आजार आहे त्याने वेदीवर काय करावे? २००३ साली रोमहून आलेल्या पत्रात यासाठी वाट आखून दिली. बिशपांच्या परवानगीने असा धर्मगुरू 'मस्टम' वापरू शकतो. मस्टम म्हणजे आंबण्याची क्रिया सुरुवातीलाच थांबवलेला द्राक्षांचा रस. वेदीवर वाइन ठेवणाऱ्या धर्मसभेनेच आपल्या दुर्बळ सेवकासाठी जागा केली. तिला वाइनचे मोल कळते आणि माणसाचेही.

मोहाची फुले आणि सरकारचा ठेका

आता आपल्या अंगणात येऊ. बालाघाट जिल्हा १८६७ नंतर भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून आकाराला आला. १९५६ पर्यंत आपण आणि नागपूर एकाच राज्यात होतो. मग विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. वैनगंगा मात्र अजूनही दोन्हीकडून वाहते, आणि मोहाचे झाडही दोन्हीकडे तेच.

बैहरच्या पठारावरच्या गोंड आणि बैगा घरांत मोहफूल हे केवळ दारूचे सामान नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचणे, ती वाळवणे, भाजून किंवा शिजवून खाणे, अडीअडचणीला विकणे, असा त्या घरांचा त्यावर संसार चालत आला. मोहाचे मद्य जन्म, लग्न आणि मरण यांच्या विधींत असे. ते घरी बनत असे आणि पंगतीत वाटले जात असे.

ब्रिटिश काळात यात मोठा बदल झाला. मद्यावरचा कर, म्हणजे अबकारी, सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनले. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहफुलांवरच बंधने घातली. मध्य प्रांतातही दुकानांचे लिलाव होत. घरची वस्तू ठेकेदाराकडे गेली. ठेकेदाराला लिलावाची रक्कम वसूल करायची, म्हणून त्याला जास्तीत जास्त विकायची. पिणाऱ्याच्या घरी चूल पेटते की नाही हे पाहणे त्याच्या हिशेबात बसत नव्हते.

या हिशेबाविरुद्ध महाराष्ट्रात आवाज उठला. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेध संघटनेचे काम पाहून भारावल्या. परतल्यावर १८८९ साली अमेरिकेवर मराठीत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी त्या स्त्रियांविषयी आवर्जून लिहिले. नवऱ्याच्या व्यसनाची सर्वांत मोठी किंमत बायको आणि मुले मोजतात, हे सांगायला बायकाच पुढे आल्या होत्या.

तीच हाक आपल्या शेजारी पुन्हा ऐकू आली. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांच्या आणि विशेषतः स्त्रियांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये ती लागू झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. आपल्या मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२५ पासून १९ धार्मिक ठिकाणची दारूची दुकाने बंद झाली. त्यात शेजारचे मंडलाही आहे. बंदीने काय साधते आणि काय नाही, यावर जाणत्यांचे मतभेद आहेत. पण ज्या बायका रस्त्यावर उतरल्या त्यांचे दुःख खरे होते, यावर मतभेद असू नये. वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न या सगळ्या इतिहासाच्या शेवटी उभा आहे.

नाशिकचे वेल

मग त्या दोन मित्रांचे काय? त्यांच्या स्वप्नालाही एक इतिहास आहे आणि तो बहुतांशी आपल्या मराठी मुलखातच घडला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्या कडक कायद्यातही धार्मिक विधींसाठी लागणाऱ्या मद्याला जागा ठेवली होती. वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळआधी मनुकांची, जांभळांची वाइन बरणीत घालण्याची पद्धत होती, आणि आजीच्या हातची ती छोट्या पेल्यातली वाइन अनेकांना आठवत असेल. पण विकण्यासाठी चांगली वाइन बनवणे हा धंदा म्हणून आपल्याकडे जवळजवळ नव्हताच.

ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला शाम चौगुले यांनी फ्रेंच तंत्राच्या मदतीने फसफसणारी वाइन बनवायला घेतली आणि ती परदेशात पाठवली. लोक चकित झाले. पुढे नव्वदच्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले. कॅलिफोर्नियातले वाइन बनवणारे केरी डॅमस्की त्यांच्या सोबतीला होते. १९९७ च्या सुमारास वाइनच्या जातींचे वेल लावले गेले आणि २००० मध्ये पहिली वाइन बाहेर पडली. कारखान्याला आईच्या, सुलभाच्या, नावावरून 'सुला' हे नाव दिले.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. करात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखले. शेतकऱ्यांनी, नातेवाइकांनी, मित्रांनी एकत्र येऊन छोटे छोटे कारखाने काढले. खाण्याच्या द्राक्षांच्या जागी वाइनची द्राक्षे लागली.

इथे थोडे थांबून काम कसे चालते ते पाहू, म्हणजे पुढचे कळेल. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा सरताना. द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. युरोपात हीच तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. फळ चेचले की यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव त्यातली साखर खातात आणि तिचे मद्य होते. हे काम रात्रंदिवस चालते. तापमान चढले की चव बिघडते, भांडे नीट धुतले नसेल तर सगळे आंबट होते. वेल लावल्यापासून पहिले बरे पीक हाती यायला तीनेक वर्षे जातात. म्हणजे हा धंदा घाईचा नाही आणि त्यात कर्ज काढणाऱ्याची झोप उडते.

तसेच झाले. २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. टाक्यांत वाइन पडून राहिली. नारायणगावचा तो पहिला मोठा कारखाना कर्जाखाली कोलमडला आणि प्रकरण न्यायालयात गेले. नाशिकच्या कित्येक शेतकऱ्यांनी लेकरासारखे वाढवलेले वाइनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली.

याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो असे सांगितले आहे. वाइनच्या धंद्याचा इतिहास वाचताना आम्हाला ते वचन पुन्हा पुन्हा आठवले. बाटलीवरचे चित्र सुंदर असते. बाजार पडला की पहिला भार मात्र ज्याने वेल लावला त्याच्यावर येतो.

दोन मित्र, दोन मैत्रिणी

या पडझडीनंतर काही लोकांनी लहान सुरुवात केली. पुण्यात रोहन रेहानी आणि नितीन विश्वास या दोन मित्रांनी मधापासून मीड बनवायला घेतले. मीड म्हणजे मधाची वाइन. मधात पाणी मिसळायचे, यीस्ट घालायचे आणि वाट पाहायची. माणसाने बनवलेल्या सर्वांत जुन्या पेयांपैकी ते एक आहे, आणि 'मीड' या इंग्रजी शब्दाचे आणि आपल्या 'मधु'चे मूळ एकच. दोघांनी आधी घरी प्रयोग केले. पुढचा अडथळा कागदांचा होता. सरकारी नियमांत मीड नेमके कुठे बसवायचे हेच स्पष्ट नव्हते, म्हणून परवान्यासाठी त्यांना बराच काळ खेटे घालावे लागले. २०१८ च्या सुमारास त्यांचे मीड बाजारात आले.

नाशिकमध्ये योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनीही मीडचाच उद्योग उभा केला. नाव ठेवले 'सेराना'. आपल्याकडच्या सातपुडी मधमाशीचे शास्त्रीय नाव 'एपिस सेराना' आहे, त्यावरून. मधासोबत जांभूळ आणि द्राक्षे वापरून त्यांनी आपली चव घडवली. ज्या मुलखात बाई वाइनविषयी बोलली तरी भुवया उंचावतात, तिथे दोन मराठी बायका परवाना काढून, शास्त्र शिकून, आपल्या नावाने हा उद्योग चालवतात. आमचे मित्र नेमके मध आणि जांभूळच घेऊन बसले होते, त्यामुळे हे वाचून आम्हाला मौज वाटली.

आपल्या राज्यानेही अलीकडे दार थोडे उघडले आहे. २०२२ पासून मध्य प्रदेशात मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण आले, आणि डिंडोरी व अलिराजपूरमध्ये आदिवासींचे बचत गट त्या कामाला लागले. ज्यांच्या हातून ठेकेदाराने ही वस्तू काढून घेतली होती त्यांच्याकडे ती निदान अंशतः परत येते आहे. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्रात मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय तसाच राहिला. शेतकऱ्याचे हित आणि घराची शांती यांची ओढाताण संपलेली नाही.

बेनेडिक्टांचा नियम

ही ओढाताण नवी नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टांनी आपल्या मठासाठी नियम लिहिले. त्यातल्या ४० व्या प्रकरणात प्रत्येक संन्याशाला रोज वाइनचे ठरावीक माप दिले आहे. ते देताना संतांचा हात जरा अडखळतो. दुसऱ्याने किती खावे-प्यावे हे आपण ठरवावे याचा त्यांना संकोच वाटतो. ज्यांना देवाने न पिण्याचे बळ दिले त्यांना त्याचे वेगळे प्रतिफळ मिळेल असेही ते नमूद करतात. जिथे वाइन मिळत नसेल तिथल्यांनी कुरकुर करू नये, देवाची स्तुती करावी, अशीही सूचना आहे.

५७ वे प्रकरण मठातल्या कारागिरांविषयी आहे, आणि ते आम्हाला त्या दोन मित्रांसाठीच लिहिल्यासारखे वाटले. कारागिराने नम्रतेने काम करावे. आपल्या हुन्नराचा त्याला गर्व चढला, आपल्यामुळेच मठाचे चालते असे वाटू लागले, तर त्याच्याकडून ते काम काढून घ्यावे. वस्तू विकताना कुणाची फसवणूक होऊ नये आणि लोभ शिरू नये म्हणून बाजारभावापेक्षा थोडे कमीच घ्यावे. पुढच्या शतकांत युरोपातल्या मठांनी द्राक्षमळे जोपासले, आणि फ्रान्समधल्या बर्गंडीत सिस्टर्सियन संन्याशांनी लावलेला क्लो द वूजो हा मळा आजही नावाजलेला आहे. हाताने बनवलेली वाइन म्हणजे काय, याचा धडा जगाने पुष्कळसा प्रार्थनेच्या घंटेवर उठणाऱ्या माणसांकडून घेतला.

रांजणांजवळ

हे सगळे मनात घेऊन आम्ही पुन्हा काना गावी गेलो. योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग आम्ही शेकडो वेळा वाचला असेल. या वेळी नजर नोकरांवर थांबली.

दगडी रांजण सहा होते. त्यांची मापे आजच्या हिशेबाने धरली तर सगळे मिळून पाचशे ते सातशे लिटर पाणी होते. ते आपोआप भरले नाही. नळ नव्हता. कुणीतरी विहिरीवर गेले, घागरीमागून घागर आणली आणि रांजण काठोकाठ भरले. भोजनप्रमुखाने चव घेतली, पण ही वाइन आली कुठून हे त्याला कळले नाही. नवरदेवालाही ठाऊक नव्हते. ज्यांनी पाणी आणले होते त्या नोकरांनाच ते ठाऊक होते.

प्रभूने लोकांना झिंगवण्यासाठी हा चमत्कार केला नाही. एका साध्या घराची लग्नाच्या दिवशी चारचौघांत लाज जाणार होती, ती त्याने वाचवली. आईच्या शब्दाखातर, आणि नोकरांचे श्रम हाती घेऊन. त्याच्या वाइनमध्ये एका घराची अब्रू राखली गेली. त्या मुलीच्या बापाच्या बाटलीत एका घराची अब्रू रोज जाते. फरक द्राक्षात आणि मोहात नाही, तो इथे आहे.

म्हणून आम्हाला वाटते, कुठल्याही बाटलीकडे पाहताना रांजणाजवळचे प्रश्न विचारावेत. पाणी कुणी भरले? त्याची मजुरी त्याला मिळाली का? आणि हे पिऊन कुणाचे घर उभे राहते, कुणाचे पडते?

आम्ही काय उत्तर दिले

त्या दोन मित्रांना आम्ही बोलावले. फादरही होते. प्रार्थना करायला आम्ही तयार आहोत असे सांगितले आणि चार गोष्टी समोर ठेवल्या. मध आणि जांभूळ आणून देणाऱ्याचे पैसे कर्जाच्या हप्त्याआधी द्यायचे. परवान्याशिवाय एक बाटलीही बाहेर काढायची नाही, नाताळ असला तरी. जो सावरू शकत नाही त्याला ओळखीखातरही द्यायची नाही. आणि आपली मैत्री मोडायची वेळ आली तर धंदा मोडायचा.

शेवटच्या अटीवर दोघे एकमेकांकडे पाहून हसले. तिसऱ्या अटीवर त्यांच्यातला एक बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, माझे काका." फादरांनी फक्त मान हलवली. धर्मग्रामातल्या काही वडीलधाऱ्यांना आमचे हे बोलणे पटलेले नाही, आणि त्यांचा राग आम्ही समजू शकतो. त्यांनी आयुष्यभर तरुणांना बाटलीपासून ओढून काढले आहे. कदाचित आम्ही चुकतही असू. दोघांचा अर्ज अजून कार्यालयात आहे.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर थांबवले. म्हटले, "बाळ, त्या दिवशी आम्ही तुला नीट उत्तर दिले नाही. ती वाइनच होती. सरबत नव्हते. पण येशूने ती एका घराला रडण्यापासून वाचवण्यासाठी केली. ज्या दारूने घर रडते, ती त्याची नव्हे. तुझे बाबा जे पितात त्याने येशूलाही दुःख होते." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्यानं माझ्या बाबांच्या बाटलीचं पाणी का नाही केलं?"

याचे उत्तर आमच्याकडे नाही, आणि आम्ही ते बनवून सांगितले नाही. तिला घेऊन आम्ही चर्चमध्ये गेलो. तिच्या वडिलांसाठी, आईसाठी आणि त्या दोन मित्रांसाठी प्रार्थना केली. निघताना तिने दाराजवळच्या मडक्यातून पाणी घेतले आणि ते रिकामे झालेले पाहून कुणी न सांगता नळावर जाऊन भरून आणले.

बंधुभगिनींनो, आपल्या हातात एवढेच आहे. रांजण भरणे. त्या वडिलांना व्यसनमुक्तीच्या केंद्रापर्यंत सोबत करणे, त्या आईच्या घरी धान्य आहे का ते पाहणे, उद्योग करणाऱ्या तरुणांना प्रामाणिक राहायला बळ देणे. पाण्याचे पुढे काय करायचे ते प्रभूचे काम आहे.

हे प्रभू येशू, काना गावच्या घरात तू पाहुणा म्हणून आलास. आमच्या घरांतही ये. जिथे आनंद संपला आहे तिथे तो दे, जिथे व्यसनाने घर मोडले आहे तिथे सुटका दे, आणि तू सांगशील ते करायला आम्हाला नोकरांचे हात दे. आमेन.